नवी गाडी, खडबडीत रस्ता आणि टकटक: सर्व्हिसवाले म्हणतात ‘हे नॉर्मल आहे’

गोळपची सून (पावस)

नमस्कार मंडळी. गणपतीच्या तोंडावर आम्ही नवी गाडी घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढची सगळी चर्चा “त्यापेक्षा दुसरी घ्यायची” एवढ्यावरच संपते. पेट्रोल, जरा उंच बांध्याची, अकरा लाखांच्या घरातली. आमचं घरगुती निवास-न्याहारी आहे, त्यामुळे बाजारासाठी रोज भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरी, आणि सासूबाईंच्या डोळ्यांसाठी अधूनमधून आंबा घाटातून कोल्हापूर. गुळगुळीत आणि खडबडीत, दोन्ही रस्ते गाडीच्या वाट्याला येतात.

आता तक्रारी. पहिली, मागच्या डाव्या अंगाने टकटक. वीस-तीसच्या वेगाला, रस्ता खडबडीत असला की हमखास. वेग वाढला की थांबते, किंवा टायरच्या घोंघाटात ऐकू येत नाही. दुसरी, डॅशबोर्डची करकर. गाडी उन्हात उभी असली आणि एसी लावला की सुरू होते, घरी पोचेपर्यंत विरते. तिसरी, पुढून खालच्या बाजूने एकच ‘खट्’. ही फक्त आमच्या घराच्या चढावर, वळण घेताना, जिथे जांभ्याची एक कड वर आलीय तिथे. चौथी ऐकायची नाही, बघायची: बॉनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्यामधली फट उजवीकडे नखाएवढी आणि डावीकडे बोटाचं टोक जाईल एवढी.

सर्व्हिस सेंटरला नेली. अ‍ॅडव्हायझर मुलगा गोड बोलतो. गाडी महामार्गाच्या नव्या काँक्रीटवर फिरवून आणली आणि म्हणाला, “मॅडम, आवाज नाही येत.” त्या काँक्रीटवर बैलगाडीसुद्धा आवाज करणार नाही. मी म्हटलं, आमच्या रस्त्याने चला. तर म्हणे, “मॅडम, मग तो रस्त्याचा आवाज आहे, गाडीचा नाही.” अहो, याच रस्त्यावरून आमची जुनी हॅचबॅक बारा वर्षं गेली, तिला नाही कधी रस्त्याचा आवाज आला! शेवटी गाडी ठेवून घेतली, धुऊन पुसून परत दिली आणि जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, लिहिलं ‘जनरल चेकअप, ओके’. फटीबद्दल उत्तर, “टॉलरन्समध्ये आहे.” म्हणजे एवढा फरक कंपनीला चालतो.

ह्यांचं म्हणणं, रेडिओ मोठा लाव. पण पाहुण्यांना स्टेशनवरून आणताना मागे बसलेल्या काकूंनी विचारलं, “गाडी सेकंडहँड घेतलीत का हो?” तेव्हापासून माझ्या डोक्यात ती टकटक बसलीय. हे खरंच नॉर्मल असतं का? आवाज शोधायचा कसा? आणि गाडी बदलून मागता येते का?

हर्णैचा बांगडा

यजमानांचा सल्ला सोन्यासारखा आहे, पण आधी दारांच्या खणांतल्या बाटल्या, चिल्लर, गॉगलच्या खणातला गॉगल आणि डिकीतला नारळ काढा. आमच्या घरच्या गाडीत हँडब्रेकच्या खाली सुपारीचं खांड अडकलं होतं. कंपनीला शिव्या देऊन झाल्यावर सापडलं.

चौदाचा पाना (कुडाळ)

ताई, मी आधी एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होतो, आता कुडाळात स्वतःचं गॅरेज आहे. तुम्ही आवाजांची वर्णनं इतकी नीट दिली आहेत की अर्धं काम इथेच झालंय. आमच्याकडे येणारा माणूस म्हणतो “आवाज येतोय”, झालं. आमचे वस्ताद म्हणायचे, “आवाज खयसून येता ता आधी बघूक व्हया, मगे बोंबलूचा.”

करकर म्हणजे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतंय. टकटक म्हणजे काहीतरी सुटं आहे आणि दुसऱ्या कशावर तरी आपटतंय. झिणझिण आली, आणि तीही इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच (आरपीएम), तर पत्रा. बहुतेक वेळा सायलेन्सरवरची उष्णतेची पत्र्याची ढाल, तिचा बोल्ट ढिला. आणि तुमचं ते एकच ‘खट्’ म्हणजे सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगकडचं काम. चारही आवाज एका टोपलीत घालू नका. करकर त्रास देते, धोका देत नाही. ‘खट्’ मात्र आधी बघून घ्या.

सुरुवात टायरपासून करा, फुकटची आहे. नव्या गाड्या यार्डात महिनोन्‌महिने उभ्या असतात, टायरला एका जागी चपटेपणा येऊ नये म्हणून हवा जास्त भरलेली असते. डिलिव्हरीच्या आधी ती खाली आणायची असते. घाईत कोण आणतो? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर किती पीएसआय ते लिहिलेलं असतं. तेवढीच ठेवा आणि टायर गार असताना मोजा, म्हणजे सकाळी घरून निघाल्या निघाल्या. दगडासारख्या टायरवर चांगली गाडीसुद्धा खडखडते.

मग डिकी आणि आतला भाग पूर्ण रिकामा करा. पूर्ण म्हणजे पूर्ण: स्टेपनी, जॅक, पाना, त्रिकोण, मागचा पार्सल ट्रे, सगळं अंगणात. आता त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जा. गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या आणि तुम्ही मागे डावीकडे बसा. टकटक चालू असताना एकेक गोष्ट हाताने दाबून धरत जा. आधी सीटबेल्टचं बक्कल. मोकळं लोंबत असलं की बाजूच्या प्लास्टिकवर आपटतं, आणि नव्या गाडीतली निम्मी टकटक तिथलीच असते. मग मागच्या सीटच्या पाठीचा लॉक. पाठ दुमडून ठेवा आणि तशीच गाडी चालवून बघा. आवाज गेला तर चोर सापडला. मागची पाठ बॉडीला जिथे अडकते तिथे लोखंडी कडी असते. ती किंचित बाहेर राहिली की पाठ घट्ट बसत नाही आणि प्रत्येक खड्ड्याला कडीवर आपटते. बोल्ट ढिला करून कडी जरा आत सरकवायची आणि परत आवळायची. दहा मिनिटांचं काम, पण सापडायला दिवस जातो. सीटमुळे नसेल तर पेट्रोल भरायचं झाकण, डिकीचं दार. डिकीच्या दाराला दोन बाजूंना रबराचे गुटके असतात, पुष्कळ गाड्यांत ते फिरवून बाहेर काढता येतात. दार हाताने हलवल्यावर जरा जरी खेळत असेल तर गुटके एखादा फेरा बाहेर काढा.

दारांच्या रबरी बीडिंगचा आवाज वेगळा, चिंबलेल्या चपलेसारखा. त्याला सिलिकॉन ग्रीस, कपड्याने अगदी पातळ. गंज सोडवायचे स्प्रे रबरावर मारू नका, काही दिवस गप्प बसतं आणि मग रबर फुगतं.

डॅशबोर्डबद्दल. वर काचेतून ऊन, आतून एसीच्या डक्टची गार हवा. एकाच तुकड्याचा वरचा भाग ताणतो, खालचा आकसतो, आणि जिथे दोन तुकडे क्लिपवर बसलेत तिथे ते अडकत-सुटत घासतात. म्हणूनच तुम्हाला घरी पोचेपर्यंत विरलेला वाटतो. तोवर सगळं सारख्या तापमानाला आलेलं असतं. त्याला इलाज एकच, तो तुकडा सोडवून सांध्यात फेल्ट टेप लावणं. वायरिंगच्या जुडग्यावर गुंडाळलेला असतो तसला कापडी टेप, दोन-तीनशेचा रोल. वर्कशॉपमध्ये असतोच, लावायचा कंटाळा असतो. तुम्ही फक्त जागा शोधून द्या: करकर चालू असताना तळहाताने डॅश दाबत डावीकडून उजवीकडे या. जिथे दाबल्यावर थांबेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा.

यूट्यूब बघून खांबांचे प्लास्टिक मात्र स्वतः उचकटू नका. सहा एअरबॅगची गाडी असेल तर पडद्याच्या एअरबॅगा छताच्या कडेला, त्या खांबांच्या वरच असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्कशॉपमधला माणूस तुमच्या रस्त्यावर तुमच्या शेजारी बसल्याशिवाय आवाज सापडणार नाही. मोबाईलवर रेकॉर्ड केलेला चालत नाही. फोनला इंजिन आणि वारा जास्त ऐकू येतो, आणि अ‍ॅडव्हायझरला नकार द्यायला निमित्त मिळतं. अ‍ॅडव्हायझरला नेऊ नका, तो पेन धरणारा माणूस. टेक्निशियन किंवा फ्लोअर सुपरवायझर मागा. ‘रस्त्याचा आवाज’ असं परत म्हणाले तर सांगा, तुमची डेमो गाडी काढा, दोन्ही गाड्या एकामागून एक याच खड्ड्यांवरून नेऊ. तिच्यातही तीच टकटक आली तर मॉडेलच तसं आहे, वाद मिटला. नाही आली तर त्यांच्याकडे बोलायला काही उरत नाही.

देवबागचा वारा

पानावाल्या भाऊंनी एक विचारायचं राहिलं. सीट कव्हर, मागचा कॅमेरा, स्पीकर, दारातले दिवे यांतलं काय काय शोरूममध्ये बसवून घेतलंत? ‘फ्री अ‍ॅक्सेसरीज’ बसवणारी पोरं वेगळी असतात, कंपनीची नसतात. दाराचं पॅड ओढून काढतात, क्लिपा तुटतात, तुटलेल्या तशाच दाबून बसवतात. आमच्या दाराची खडखड अशीच निघाली, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे पॅडच्या मागचा प्लास्टिकचा पडदा त्यांनी फाडून ठेवला होता. तो पडदा शोभेचा नसतो. काचेवरून दारात उतरलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जावं, आत येऊ नये, म्हणून असतो. आमच्याकडचा पाऊस वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटरचा. पहिल्या झडीत पायाखालचा गालिचा ओला झाला आणि जुलैपर्यंत गाडीत आंबूस वास. वर्कशॉपने आधी एसीच्या पाण्याच्या नळीवर ढकललं. ते पाणी डाव्या बाजूला पुढे येतं हो, आमचं उजवीकडे मागे येत होतं!

म्हणून आवाज शोधतानाच मॅटखाली हात घालून ओल बघा. आणि दारांच्या तळाची भोकं मोकळी आहेत का तेही. समुद्राकाठी ती बुजली की दार आतून कुजतं, बाहेरून दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ओरोसचा काळा कोट

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. गाडी बदलून मिळणं अवघड, जवळजवळ नाहीच समजा. अमेरिकेसारखा ‘लेमन लॉ’, म्हणजे वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीने बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत असा कायदा, आपल्याकडे नाही. २००६ साली सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात स्पष्ट केलंय की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचीच हमी असेल तर कंपनीची जबाबदारी तेवढ्यापुरतीच, अख्खी गाडी मागता येत नाही. तेव्हा करकरीसाठी गाडी परत, हे डोक्यातून काढा. दुरुस्ती, वाया गेलेल्या खेपांचा खर्च, मनस्ताप, यावर मात्र भांडता येतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. गाडी तुम्ही कोल्हापुरातून घेतलेली असली तरी तक्रार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. दहा ते वीस लाखांमधल्या मालाला फी ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. घरबसल्या ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्याने पुष्कळदा कंपनीच्या वरच्या ऑफिसातून फोन येतो.

पण सगळी केस उभी राहते जॉबकार्डावर. ‘जनरल चेकअप, ओके’ असं लिहिलेलं जॉबकार्ड म्हणजे तुम्ही तक्रार केलीच नव्हती याचा तुमच्याच सहीचा पुरावा. सही करण्याआधी तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कुठून, कसा आवाज, कोणत्या वेगाला, कसल्या रस्त्यावर. लिहायला तयार नसतील तर त्यांच्या समोर बसून तोच मजकूर ईमेल करा आणि जॉबकार्डाचा नंबर त्यात घाला. उत्पादनातला दोष आहे हे सिद्ध करायचं ओझं तक्रारदारावर येतं. आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, पण तिथेही आधी हेच कागद बघतात. वॉरंटीची पुस्तिकाही वाचा. ‘सामान्य आवाज व कंप’ वगळल्याची ओळ बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत असते, आणि तुमचा अ‍ॅडव्हायझर ‘नॉर्मल’ हा शब्द उगाच वापरत नाही.

एक खटकलं. पाहुण्यांना स्टेशनवरून आणता त्याचे पैसे घेता का? पांढऱ्या पाटीवर भाडं घेणं परवान्याच्या दृष्टीने चूक, आणि गाडी व्यापारी कामासाठी घेतली असं समोरचा वकील म्हणणार. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला कायद्यात सवलत आहे, पण तो वाद ओढवून घेऊ नका.

गोळपची सून

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, पैसे घेत नाही. बाजाराला गेलेली असते तेव्हा येताना पाहुण्यांना घेऊन येते, बस.

कळवायचं ते असं. हवा पंपावर बघितली तर ४२! स्टिकरवर ३३ लिहिलंय. कमी केल्यावर गाडी निम्मी शांत झाली, खोटं नाही सांगत. नारळ नव्हता, पण जॅक त्याच्या खाचेत नीट बसलेला नव्हता. तरी टकटक उरलीच. ह्यांना चालवायला बसवून मी मागे बसले. बक्कल धरलं, फरक नाही. सीटची पाठ दुमडली आणि गोळपपर्यंत चिडीचूप. ह्यांनीच रेडिओ बंद करून खात्री करून घेतली.

मग १९१५ वर नोंद केली, ईमेल टाकला, आणि जॉबकार्डवर सही करण्याआधी चार ओळी स्वतः सांगून लिहून घेतल्या. अ‍ॅडव्हायझरचा चेहरा उतरला, पण लिहिलं. या वेळी सुपरवायझर शेजारी बसून भाट्याच्या पुढपर्यंत आले. डेमो गाडी काढायचं म्हटल्यावर तर म्हणाले, “त्याची गरज नाही ताई, ऐकू येतंय मला.” मॅडमची ताई झाले, तिथेच ओळखलं.

सीटची कडी सरकवली, टकटक बंद. ‘खट्’ घराच्या चढावरच ऐकवायचा होता, तर एक टेक्निशियन मोटरसायकलने आला. अंगणात वाकून बघत होता, मी स्टिअरिंग डावी-उजवी फिरवत होते, आणि त्याने खालून हाक मारली, “सापडला!” डाव्या बाजूच्या लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधला छोटा दांडा) नट पुरता आवळलेलाच नव्हता. नट काढून मला दाखवला. धाग्यावर एका बाजूला चकचकीत घासलेलं होतं. रॉड वॉरंटीत बदलून मिळाला.

अ‍ॅक्सेसरीजमध्ये फक्त कॅमेरा आहे. मॅटखाली कोरडं आहे, पण आत्ता हिवाळा आहे, पावसात कळेल. डॅशबोर्डला फेल्ट लावून दिलं, तरी काचेच्या कडेला मधूनच एक किरकिर येते. तेवढं मी सोडून देणार आहे. फट मात्र सोडणार नाही. आता म्हणतात, बॉनेट अ‍ॅडजस्ट करतो. करू द्यावं का? एका शेजाऱ्याने भीती घातलीय की गाडी यार्डात ठोकून रंगवलेली असेल.

चौदाचा पाना (कुडाळ)

नट दाखवला म्हणजे पोरगा चांगला आहे, त्याचं नाव लक्षात ठेवा आणि पुढे सर्व्हिसिंगला तोच मागा.

फटीचं करू द्या, पण तुमच्यासमोर. आधी बॉनेट उघडून बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. डाव्या बाजूच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग उडालेला आणि उजव्या बाजूचा शाबूत असेल तर डावा फेंडर कधीतरी हललाय. हा संशय झाला, पुरावा नाही. फॅक्टरीतही शेवटी फटी जुळवतात. खात्री हवी तर रंगाची जाडी मोजायचं मीटर असलेल्या माणसाकडे जा, जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांकडे असतं. कंपनीचा रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो. एकच पॅनल दुप्पट दाखवत असेल तर ते परत रंगवलंय, मग वकीलसाहेबांकडे जा. सगळीकडे सारखंच असेल तर शेजाऱ्याला चहा पाजा आणि विषय संपवा.

बॉनेट सरकवल्यावर पुढचे रबरी गुटके आणि लॉकही परत जुळवावे लागतात, नाहीतर फट सुधारते आणि बॉनेट हायवेला थरथरतं. त्यामुळे गाडी ताब्यात घेण्याआधी एकदा ऐंशीला चालवून बघा. आणि ‘बॉनेट व डावा फेंडर जुळवला’ असं जॉबकार्डवर लिहून घ्या, म्हणजे पुढे गाडी विकताना तिथले घासलेले बोल्ट बघून कुणी भाव पाडणार नाही.